वेढ्यात सापडलेल्याची दुआ



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी, मगरिबची नमाज नुकतीच झाली होती, तेव्हा शेजारच्या खाला आमच्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या. थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "बेटा, दुश्मनाचा नाश होईल अशी एखादी दुआ लिहून दे. मराठी अक्षरांत लिही, म्हणजे नातवालाही वाचता येईल."

खालांचा मुलगा वरोऱ्यात हातगाडीवर फळं विकतो. बाजारात कुणा दोघांचं भांडण झालं. तो तिथे नव्हताही. पण कुणीतरी त्याच्या गाडीचा फोटो काढला, खाली चार भलत्या ओळी लिहिल्या आणि 'याच्याकडून काही घेऊ नका' असं लिहून मोबाईलवर पाठवून दिलं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक बंद. वर्षानुवर्षं त्याच्याकडून केळी नेणारी माणसं रस्त्याच्या पलीकडून जाऊ लागली. माल गाडीवरच काळा पडायचा आणि संध्याकाळी बकऱ्यांपुढे टाकावा लागायचा. नातू सातवीत आहे. तो शाळेत डबा एकटाच खाऊ लागला. आणि त्या दिवशी खालांना त्याच्या दप्तरात वह्यांच्या मागे हातभर लांब लोखंडी सळई सापडली होती.

म्हणून त्या आल्या होत्या. त्यांचा हिशेब साधा होता. दुश्मनांचा बंदोबस्त अल्लाहनं केला, तर नातवाला सळई लागणार नाही.

आम्ही त्यांना "उद्या लिहून देतो" म्हणालो. खरं सांगायचं तर त्या वेळी काय लिहावं ते आम्हाला सुचलं नाही. रात्री झोप लागेना, तेव्हा आठवण झाली ती ह. दाऊद (अलैहिस्सलाम) यांची. वेढ्यात सापडलेल्या माणसानं अल्लाहला कशी हाक मारावी, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आपल्या मुलांना ह. दाऊद (अ.) यांची एक गोष्ट पक्की माहीत असते, ती म्हणजे त्यांनी जालूतला मारलं. सूरह बकराच्या २५१व्या आयतीत तिचा उल्लेख आहे. त्यांच्यासोबत डोंगर आणि पक्षी तस्बीह करत, लोखंड त्यांच्या हातात मऊ होई, हेही मुलांना सांगितलेलं असतं. पण अल्लाहनं त्यांना जबूर दिली, हे सूरह निसा (आयत १६३) आणि सूरह बनी इस्राईल (आयत ५५) मध्ये आलेलं असूनही त्या जबूरमध्ये काय असेल, याचा विचार आपण सहसा करत नाही.

यहुदी लोकांकडे हिब्रू भाषेत जो स्तोत्रांचा ग्रंथ आहे त्याला ते तहिल्लीम म्हणतात, म्हणजे स्तुतिगीतं. मराठी बायबलात त्याचं नाव स्तोत्रसंहिता. एकूण १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतल्या ७३ स्तोत्रांच्या मथळ्यावर ह. दाऊद (अ.) यांचं नाव आहे. आज हाती असलेला ग्रंथ म्हणजे जशीच्या तशी उतरलेली जबूर, असं आपण मानत नाही. ग्रंथधारकांच्या ज्या गोष्टीविषयी कुरआन गप्प आहे, ती खरीही म्हणू नये आणि खोटीही ठरवू नये, ही शिकवण सहीह बुखारीत आहे. ती मर्यादा सांभाळूनच आम्ही पुढचं लिहीत आहोत. पण काही गोष्टी वाचताना ओळखीच्या वाटतात, हे मात्र खरं. सूरह अंबियाच्या १०५व्या आयतीत जबूरचं नाव घेऊन सांगितलं आहे की जमिनीचे वारस सदाचारी बंदे होतील. ३७व्या स्तोत्राचा आशयही हाच आहे.

ही स्तोत्रं चाळली की एक गोष्ट लगेच लक्षात येते. त्यांत शत्रू फार आहेत. कुठे सिंहासारखे दबा धरून बसलेले, कुठे जाळं लावणारे, कुठे पाठीमागे कुजबुजणारे. ११८व्या स्तोत्रात तर चहूबाजूंनी आलेल्या शत्रूंना मधमाश्यांच्या थव्याची उपमा दिली आहे. मोहोळ उठल्यावर माणसाचं काय होतं, हे आमच्या जंगलाकडच्या वाचकांना सांगायला नको. तिसऱ्या स्तोत्रात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. मथळ्यानुसार त्या वेळी दाऊद (अ.) आपल्याच मुलाच्या बंडामुळे जीव वाचवून निघाले होते. शत्रूंची संख्या वाढतच होती आणि लोक म्हणत होते की याला आता देवही वाचवणार नाही. अशा वेळी ते म्हणतात की मी आडवा झालो आणि झोपी गेलो. वेढा उठलेला नाही, बंड मोडलेलं नाही, तरी झोप लागली. विश्वासाची पहिली सुटका ही अशी असते. बाहेरचं काही बदलण्याआधी आतली धडधड थांबते.

पण म्हणून घाबरणं हे पाप नाही. खंदकच्या लढाईत, हिजरी ५ मध्ये, मदिनेला वेढा पडला तेव्हा डोळे भिरभिरले आणि काळीज गळ्याशी आलं, असं वर्णन खुद्द कुरआनात (सूरह अहजाब, आयत १०) आहे. या स्तोत्रांतही भीती लपवलेली नाही. अश्रूंनी अंथरूण भिजल्याचं एका ठिकाणी सांगितलं आहे. ८८वं स्तोत्र तर सुटकेपर्यंत पोचतच नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते प्रार्थनेच्या ग्रंथात ठेवलं गेलं, कारण अंधारात का होईना, माणूस हाक मात्र अल्लाहलाच मारत असतो.

आता एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली.

कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राईल नावाचा यहुदी समाज शतकानुशतकं राहत आला. मातृभाषा मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. आडनावं गावांवरून पडलेली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज नवगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. हिब्रूतून उरली ती एका अल्लाहची साक्ष देणारी प्रार्थना, शेमा. पिढ्यान् पिढ्या सुख-दुःखात, जन्म-मृत्यूच्या वेळी ते तीच म्हणत राहिले. एवढ्याशा ठेव्यावर त्यांनी आपलं ईमान टिकवलं.

या समाजात सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, नावाचे गृहस्थ होऊन गेले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. १७८० ते १७८४ या काळात कंपनीचं म्हैसूरशी युद्ध झालं, त्यात ते सोबत्यांसह टिपू सुलतानच्या सैन्याच्या हाती सापडले. पुढची हकीकत बेने इस्राईल घरांतून अशी सांगितली जाते: कैद्यांना मृत्यूची भीती होती. त्यांना त्यांची जात विचारली गेली. त्यांनी सांगितलं, आम्ही बेने इस्राईल. ही गोष्ट सुलतानच्या आईच्या कानावर गेली. त्या म्हणाल्या की बनी इस्राईलचं नाव आपण कुरआनात किती वेळा वाचतो, पण ती माणसं कधी पाहिली नव्हती. यांना मारू नका. आणि त्यांचे प्राण वाचले. सुटून गेलो तर अल्लाहचं घर बांधीन, असा दिवेकरांचा नवस होता. १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात यहुद्यांचं प्रार्थनास्थळ बांधलं. त्याचं हिब्रू नाव 'शार हराहमीम', म्हणजे दयेचं दार. मुंबईत बेने इस्राईलांचं ते पहिलंच प्रार्थनास्थळ. ते लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, म्हणून त्याचं चालू नाव 'जुनी मशीद' पडलं. लोकल गाडीचं मस्जिद स्थानक आपल्याला ठाऊक आहे. त्या नावाचा संबंधही पुष्कळजण याच जुन्या मशिदीशी जोडतात.

ही हकीकत आम्ही पूर्वीही वाचली होती. पण त्या रात्री तिच्यातली एक गोष्ट नव्यानं लक्षात आली. दिवेकरांची सुटका कुठून आली? कंपनीच्या तोफांकडून नव्हे. ज्यांच्या वेढ्यात ते सापडले होते, त्यांच्याच घरातून आली. एका आईकडून आली.

मग आम्ही जुन्या गोष्टी एकेक करून आठवू लागलो आणि जिकडेतिकडे हेच दिसू लागलं. ५९व्या स्तोत्राचा मथळा सांगतो की राजानं दाऊद (अ.) यांना ठार मारण्यासाठी त्यांच्या घराला पहारा बसवला होता. यहुदी ग्रंथांतल्या हकीकतीनुसार त्या रात्री त्यांना खिडकीतून खाली उतरवलं ते त्यांच्या पत्नीनं, आणि ही पत्नी त्याच राजाची मुलगी होती. अंथरुणावर कुणी झोपलं आहे असं दिसावं, अशी मांडणीही तिनंच केली. हे वाचताना आपल्याला हिजरतची रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. तसाच घराभोवती कुरैशांचा वेढा, तसंच अंथरूण, आणि त्यावर निर्धास्त झोपलेले ह. अली (रजि.). पुढे सौर गुहा. आपल्याकडे गुहेच्या तोंडावरच्या कोळ्याच्या जाळ्याची गोष्ट सांगतात. कुरआनात जाळं नाही. तिथे सूरह तौबाच्या ४०व्या आयतीत, दुःख करू नकोस, अल्लाह सोबत आहे, हा मित्राला दिलेला धीर आहे. गंमत म्हणजे यहुद्यांच्या उत्तरकालीन कथांतही दाऊद (अ.) गुहेत लपलेले असताना कोळी जाळं विणतो.

आणि मक्केहून मदिनेची वाट दाखवणारा वाटाड्या कोण होता? अब्दुल्लाह बिन उरैकित. तो मुसलमान झालेला नव्हता. त्याआधी ताइफहून दगड खाऊन परत आल्यावर पैगंबर (स.) यांना मक्केत संरक्षण दिलं ते मुतइम बिन अदी यांनी. तेही मुसलमान नव्हते. फिरऔनच्या महालात ह. मूसा (अ.) वाचले ते त्याच्याच पत्नीमुळे. आणि फिरऔनच्या दरबारात त्यांची बाजू घेणारा माणूस फिरऔनच्याच घराण्यातला होता (सूरह मुअमिन, आयत २८).

खालांच्या मुलाशी सगळ्यात जवळची हकीकत म्हणजे शिअब-ए-अबी तालिब. कुरैशांनी करार लिहून बनू हाशिमवर बहिष्कार टाकला होता. त्यांना काही विकायचं नाही, त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, त्यांच्याशी सोयरीक करायची नाही. तीन वर्षं मुलाबाळांची उपासमार झाली. झाडाची पानं खाऊन दिवस काढले. कराराचा कागद वाळवीनं खाल्ला, ही अल्लाहची कुदरत. पण तो करार फाडून टाकावा म्हणून काबागृहाजवळ उभे राहिलेले पाच जण कुरैशांपैकीच होते. तेच वेढा घालणाऱ्यांतले.

आता आमच्या गावाचंच बघा. वरोऱ्याला लागून आनंदवन आहे. १९४९ साली बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि पुढे इथल्या खडकाळ, झुडपी जमिनीवर मूठभर कुष्ठरोग्यांना घेऊन काम उभं केलं. त्या रोग्यांना कुणी वेढलं होतं? हाती तलवार घेतलेल्या कुणा दुश्मनानं नाही. त्यांना घराबाहेर काढणारी माणसं साधी, संसारी, देवाला भिऊन वागणारी होती. तुमच्याआमच्यासारखीच. भीती आणि अफवा यांनी त्यांचा वेढा झाला होता. एक माणूस त्या वेढ्यातून बाहेर पडून रोग्यांजवळ जाऊन बसला, तेव्हा तो सैल व्हायला सुरुवात झाली.

म्हणून आम्हाला वाटतं की वेढ्यात सापडलेल्यानं आधी हे ओळखावं: समोर उभा असलेला प्रत्येक माणूस दुश्मन नसतो. काही द्वेषानं उभे असतात. बरेचसे भीतीनं उभे असतात. आणि एखादा असा असतो की त्याला तिथे उभं राहणं पटलेलंच नसतं. अल्लाह बहुतेक वेळा त्या एखाद्याच्या हातानं दार उघडतो. आपण सळई उचलली की सगळ्यात आधी तेच दार बंद होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही खालांच्या नातवाला थांबवून घेतलं. सळईचं विचारलं. आधी बोलेना. मग म्हणाला, "सर, ते चौघं असतात. मी एकटा."

आम्ही त्याला दाऊद (अ.) यांची गोष्ट सांगायला लागलो. पोरगं हुशार. मध्येच म्हणालं, "पण सर, त्यांनी जालूतला मारलंच ना?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हणालो, "मारलं. रणांगणात, फौजेत उभं राहून, अल्लाहनं नेमलेल्या तालूतच्या हुकमतीखाली. दप्तरात लपवून नेलं नव्हतं काही." मग त्याला यहुदी ग्रंथातली पुढची हकीकत सांगितली. जीवावर उठलेला राजा पुढे एकदा एकटाच एका गुहेत आला. आत अंधारात दाऊद (अ.) आणि त्यांची माणसं होती. हीच संधी, असं सोबती म्हणाले. दाऊद (अ.) यांनी त्याच्या झग्याचा फक्त काठ कापला, आणि तेवढंही केल्याचं त्यांच्या मनाला लागलं. कुरआनात ही गोष्ट नाही, हेही आम्ही त्याला सांगितलं. पण मक्का जिंकल्यावर, हिजरी ८ मध्ये, आपल्या पैगंबरांनी (स.) काय केलं ते तर नक्की माहीत आहे. ज्यांनी उपाशी मारलं, दगड मारले, त्यांना सोडून दिलं.

पोरगं ऐकून घेत होतं. पटलं असं म्हणाला नाही. आम्हीही विचारलं नाही. फक्त सांगितलं, "त्या चौघांपैकी एखादा असा आहे का, जो हसत नाही, नुसता उभा असतो?" तो जरा वेळानं म्हणाला, "एक आहे." आम्ही म्हणालो, "त्याच्याकडे लक्ष ठेव." निघताना त्यानं सळई काढून आमच्या टेबलावर ठेवली.

खालांना आम्ही कागद लिहून दिला. वरती सूरह फलक आणि सूरह नास, मराठी अक्षरांत अर्थासह. त्याखाली सूरह आल इमरानच्या १७३व्या आयतीतले ते शब्द, जे घराघरांत पाठ असतात. इब्न अब्बास (रजि.) सांगतात की ह. इब्राहीम (अ.) यांनी आगीत टाकलं जाताना तेच म्हटले होते. सगळ्यात खाली आमच्या साध्या भाषेत एक ओळ: 'या अल्लाह, आम्हाला त्यांच्या हातून वाचव, आणि त्यांना आमच्या हातून वाचव.'

खालांनी शेवटची ओळ दोनदा वाचून घेतली. म्हणाल्या, "मी हे मागितलं नव्हतं." मग कागदाची घडी केली आणि कमरेच्या बटव्यात ठेवली.

दुआ लिहून देऊन आमचं काम संपलं, असं मात्र आम्ही मानलं नाही. मदिनेला वेढा पडणार हे कळल्यावर पैगंबर (स.) यांनी दुआही केली आणि सलमान फारसी (रजि.) यांच्या सल्ल्यानं खंदकही खणला. दाऊद (अ.) तर स्वतःच्या हातानं चिलखतं बनवत आणि त्याच कमाईवर जगत. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. आम्ही खालांच्या मुलाबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. फिरवलेल्या फोटोची प्रत जोडून अर्ज दिला, पोच घेतली. बाजारातल्या दोन शेजारी दुकानदारांनी, तो त्या दिवशी भांडणात नव्हता, असं स्वतःहून लिहून दिलं. दोघेही मुसलमान नाहीत.

एक गोष्ट आपल्या घरांसाठीही. वेढा नेहमी दुसरेच घालतात असं नाही. आपल्या मोहल्ल्यातही एखाद्या मुलीविषयी, एखाद्या घटस्फोटितेविषयी, दुसऱ्या जमातीच्या माणसाविषयी आलेला मजकूर आपण वाचतो आणि पुढे ढकलतो. बोटाच्या एका दाबानं आपण त्या वेढ्यात जाऊन उभे राहतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट सांगत सुटणं हे माणूस खोटारडा ठरायला पुरेसं आहे, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आज रात्री मुलांबरोबर बसून आपापल्या मोबाईलमध्ये असं काय काय पुढे पाठवलं आहे, ते एकदा पाहून घ्यावं. आम्ही पाहिलं. दोन मजकूर सापडले. लाज वाटली.

खालांच्या मुलाची गाडी पुन्हा उभी राहू लागली आहे. पूर्वीच्या निम्मंच गिऱ्हाईक आहे. काही जण अजूनही पलीकडून जातात. एक म्हातारे गृहस्थ मात्र एका सकाळी आले, काही न बोलता एक डझनाऐवजी दोन डझन केळी घेतली, आणि पैसे देताना एवढंच म्हणाले, "मधे बरेच दिवस आलो नाही." नातवाच्या त्या चौघांचं काय झालं, ते आम्हाला ठाऊक नाही. डबा खाताना त्याच्या शेजारी एक मुलगा बसलेला परवा दिसला. तो हसत नसणारा तोच की दुसरा कुणी, हे आम्ही विचारलेलं नाही.

सळई अजून आमच्या कपाटामागे आहे. ती परत मागायला तो आलेला नाही.

अल्लाह तआला वेढ्यात सापडलेल्या प्रत्येक घराला सुटकेची वाट दाखवो, आणि दुसऱ्याभोवती वेढा घालणाऱ्यांत आपल्यापैकी कुणाला उभं न करो. आमीन.